जुन्या डेस्कटॉपवर पैसे घालण्याआधी: नागपूरच्या घरांसाठी

आठ-दहा वर्षं वापरलेला घरचा डेस्कटॉप एप्रिल लागला की अडखळायला लागतो आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) भर दुपारी आपोआप बंद पडतो. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल फार लवकर दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा दोष उष्णतेचा, धुळीचा नाहीतर विजेचा असतो. हे तिन्ही आधी नीट करा, नवे भाग त्यानंतर. आमच्या शहरात हा क्रम उलटा केला की नवा भागही त्याच कारणाने त्रास देतो.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वरचा फरक आटोक्यात ठेवतो. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना कामाच्या ताणाखाली प्रोसेसर ६२ वर जात असेल, तर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तोच ८० वर जाणार. वर धूळ असेल तर ९५ सहज. इंटेलचे त्या काळातले कोर प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापत राहिले तर मशीन बंद करतात. कोर टेम्प किंवा एचडब्ल्यू-मॉनिटर हा तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकून दुपारी आणि रात्री आकडे बघा, निदान तिथेच होतं.

धुळीला आपल्याकडे खोलीतल्या पाण्याच्या कूलरची साथ मिळते. कूलरच्या दमट हवेने धूळ पात्यांना चिकटते आणि पंखा व हीटसिंक यांच्यामध्ये तिचा जाड थर बसतो. पंखा जोरात ओरडतो, पण हवा खाली पोचत नाही. म्हणून कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. नुसतं बाहेरून फुंकून भागत नाही. पंखा हीटसिंकवरून सोडवून खालचा थर ब्रशने काढावा लागतो.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत खडूसारखी कोरडी झालेली असते. प्रोसेसरवरच्या इंटेलच्या मूळ कूलरला (पंखा आणि हीटसिंक मिळून) काळ्या टोपीच्या चार पिना असतात. त्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढल्या की कूलर सुटतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी ठेवा. हाताने पसरवायची गरज नाही. बसवताना पिना आधी उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या तिरप्या जोड्या दाबा. प्रत्येक पिनेचा ‘टक्’ आवाज यायलाच हवा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात: एक पिन अर्धवट राहते, कूलर एका बाजूने उचललेला असतो, मशीन सुरू होतं आणि काही मिनिटांत बंद पडतं. बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते बघा. एएमडीचा जुना प्रोसेसर असेल तर मशीन दहा मिनिटं चालवून, बंद करून, गरम असतानाच कूलर हलका पिळून काढा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

आता वीज. खोलीतला कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि थकलेला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) ते झेलू शकत नाही, मशीन रीस्टार्ट होतं. मशीन चालू असताना मल्टिमीटरने एसएमपीएसच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर असेल तर एसएमपीएस बदला. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा भरपूर होतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, असं धरून चाला. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा संपर्क तुटत जातो. त्या खड्ड्यात पाणी घालत राहा आणि तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कधीही मोडू नका. यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, तेव्हा तोही गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत कोंडून ठेवू नये.

एवढं झालं की एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीच्या आय३-आय५ मशीनसाठी याहून मोठा फरक पाडणारा दुसरा भाग नाही, हे मी ठामपणे सांगेन. हार्ड डिस्कला प्रत्येक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला ०.१ च्या आसपास. एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डावर साटा २ च (डिस्क जोडायच्या साटा पोर्टची जुनी आवृत्ती) मिळतं, म्हणजे वेग निम्मा, तरी हा शोधण्याचा वेळ वाचतोच. अशा बोर्डांवर एम.२ ची (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) जागा नसते, म्हणून २.५ इंची साटा एसएसडीच घ्या.

जुनी डिस्क एसएसडीवर कॉपी करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तिचे आकडे बघा. ०५ किंवा सी५ या ओळींचा (खराब झालेल्या जागांचा) आकडा शून्य नसेल तर क्लोनिंगच्या (डिस्क जशीच्या तशी उतरवण्याच्या) नादी न लागता आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा. सी७ (केबलमधल्या चुकांचा आकडा) वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदला. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय आहे का तेही तपासा. तो आयडीई असेल आणि विंडोज टाकून झाल्यावर तुम्ही तसाच बदललात तर निळी स्क्रीन येते. ते टाळण्यासाठी आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड लावा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा आणि नंतर सेफ मोड काढा.

रॅम ८ जीबी पुरेशी आहे, ४-४ च्या जोडीने. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) या मशीनना लागणाऱ्या डीडीआर३ रॅमची स्वस्त ८ जीबी स्टिक घेताना ती फक्त एएमडीवर चालणारी नाही ना, हे विचारूनच घ्या. इंटेलच्या बोर्डावर तिने डिस्प्लेच येत नाही. त्याहून जुन्या कोर २ ड्युओ प्रोसेसरच्या मशीनवर मात्र आता खर्च करू नका.

तारीख रोज मागे जात असेल आणि ब्राउझर वेबसाइट उघडू देत नसेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला.

विंडोज १० चं नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलची किमान आठवी पिढी लागते. जुन्या मशीनवर जबरदस्तीने ११ टाकण्यापेक्षा बँकेची कामं आणि ब्राउझिंग यांसाठी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती मला बरी वाटते. पेनड्राइव्हवरून आधी चालवून प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासा, मगच इन्स्टॉल करा.

जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. केबल काढून महिनाभर तशीच ठेवा, कारण डेस्कटॉपवरचे आणि डाउनलोड्समधले राहिलेले कागद या काळातच आठवतात.