जलाशयाची फेरी : नकाशा कुठवर आला

जलाशयाच्या पायी फेरीचा नकाशा आम्ही बनवतोय. फेरीचा आराखडा असा : धरणाच्या भिंतीच्या एका टोकापासून डोंगराच्या सोंडेने वर, धारेवरून आडवं, खिंडीतून पलीकडच्या जंगलात, मग ओढ्याच्या कडेने उतरून फुगवट्याच्या काठाकाठाने परत. लांबी सुमारे १४ किलोमीटर, एकूण चढ ६२० मीटर. धारेचा पल्ला नकाशावर पक्का झालाय, जंगलातला दुरुस्तीत आहे. काठाचा तुकडा मात्र मुळापासून पुन्हा आखतोय, कारण तिथे वाटच जागेवर राहत नाही.

धारेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वर आकाश मोकळं असलं की साध्या फोनची नोंदही पाच मीटरच्या आसपास बसते. वेळ खाल्ला तो ढोरवाटांनी. ढोरवाट उताराला आडवी, साधारण एकाच उंचीवरून जाते. तिच्या खाली-वर तशाच तीन-चार समांतर असतात आणि शेवटी ती चराईच्या जागी किंवा पाण्यावर जाऊन विरते. माणसांची वाट खिंड गाठायला निघालेली असते, म्हणून ती चढ अंगावर घेते. उपग्रहचित्रात दोन्ही सारख्याच ठळक दिसतात, त्यामुळे घरबसल्या चित्र गिरवून काढलेल्या नकाशांवर आमचा तरी विश्वास नाही. प्रत्येक फाट्यावर उभं राहून दोन-तीन मिनिटं बिंदूची सरासरी घ्यायची आणि चुकीची वाट कुठे जाते तेही टिपून ठेवायचं. पुढच्याला बरोबर वाटेइतकीच ती माहिती लागते.

जंगलात जीपीएसचा संदेश दोन तऱ्हांनी बिघडतो. ओल्या पानांतून येताना तो क्षीण होतो आणि खोडांवर, कड्यांवर आपटून आला तर उशिरा पोचतो. उशीर म्हणजे यंत्राच्या लेखी जास्त अंतर, म्हणून बिंदू बाजूला सरकतो. जुन्या एल-१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) लहरींसोबत एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) ऐकणारा फोन असेल तर फरक पडतो, कारण एल-५ च्या संदेशात थेट आलेली आणि आपटून आलेली लहर वेगळी ओळखता येते. नसेल तर तोच पल्ला वेगवेगळ्या दिवशी चालून नोंदी एकावर एक ठेवायच्या आणि मधली रेघ धरायची. लागोपाठ घेतलेल्या दोन नोंदींचा उपयोग कमी. उपग्रह जवळपास त्याच जागी असतात, त्यामुळे चूकही त्याच बाजूला पडते.

विसाव्याला बसलं तरी नोंद चालूच राहते आणि बिंदू जागच्या जागी भटकत राहतात. दहा मिनिटांत त्याने लांबी सहज शंभर मीटरने फुगते. असे गुंते हाताने छाटावेत. आपोआप छाटणाऱ्या सोयी खऱ्या नागमोडी वळणांवरही कात्री चालवतात.

उंचीचा हिशेब हा या छंदातला सगळ्यात फसवा भाग. एकाच वाटेवर दोन फोनच्या उंचीत कित्येक मीटरचा ठाम, न बदलणारा फरक दिसला तर यंत्र बिघडलं असं समजू नका. अँड्रॉइड मुळात जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासूनची असते. या दोन पृष्ठांतला फरक जगात कुठे शंभर मीटर खाली, तर कुठे ऐंशी मीटर वर एवढा जातो. काही अ‍ॅप तो वजा करून दाखवतात, काही करत नाहीत. वायुदाबावर चालणारं घड्याळ चढउतार छान टिपतं, पण हवा बदलली की त्याचंही बिनसतं. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास ८ मीटर. त्यामुळे दिवसभरात दाब ३ हेक्टोपास्कलने उतरला, तर न चढलेले २५ मीटर तुमच्या खात्यात जमा होतात.

इथे जलाशय फुकटात कामाला येतो. पाण्याचा पृष्ठभाग सपाट आहे, तेव्हा अगदी पाण्याच्या कडेने दोनेक किलोमीटर चालल्यावर नोंदीत जो काही चढ जमेल तो जवळपास सगळा गोंगाट, म्हणजे मोजमापातली खोटी भर. आता गाळणीचा उंबरठा ठरवायचा : शेवटच्या खालच्या बिंदूपासून अमुक मीटर वर गेल्याशिवाय चढ मोजायचाच नाही. ३ मीटरपासून सुरुवात करून काठाचा चढ शून्याला येईपर्यंत आकडा वाढवत न्यायचा. बहुतेक वेळा तो ५ ते १० मीटरच्या मध्ये स्थिरावतो. तोच आकडा धारेलाही लावायचा, कारण दोन्हीकडे आकाश मोकळं असतं. जंगलाला तो अपुरा पडतो.

जंगलासाठी तयार उंची-नकाशा घ्यावा म्हटलं, तर त्याचीही खोड माहीत हवी. अंतराळातल्या शटल यानावरच्या रडार मोहिमेचं (एसआरटीएम) मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं आहे. ती लहर दाट झाडीत जमिनीपर्यंत नीट पोचली नाही, त्यामुळे रानाच्या कडेला नसलेली पायरी दिसते. आणि तेव्हा जे पाणी जिथे होतं तेच त्यात गोठलेलं आहे. धरण नंतरचं असेल, तर त्यात जलाशयच नाही. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, थेट बुडालेल्या दरीत उतरत जातात.

ही चूक आमच्या सगळ्यात उपयोगाची ठरली. पाण्याखालचे कंटूर जिथे एकमेकांना खेटून आहेत, तिथे पातळी कितीही उतरली तरी काठ फारसा हलत नाही. जिथे ते विरळ आहेत, तिथे काठ पळतो. उतार १ ला २० असेल, तर पाणी ३ मीटर खाली गेल्यावर ६० मीटर जमीन उघडी पडते. काठाची एकच रेघ काढली की वर्षातले काही महिने ती पाण्यात असते आणि काही महिने पाण्यापासून फर्लांगभर लांब. म्हणून आता दोन रेघा काढतोय. वरची कायमची, खालची हंगामी.

वरची रेघ ठरवायला जागेवरची खूण पुरते. पूर्ण संचय पातळीशी लाटांनी माती कातरून हातभर उंचीची उभी पायरी केलेली असते. तिच्या वर झुडपं, मुळं, पालापाचोळा. खाली उघडा मुरूम आणि खडकावर फिकट पट्टा. वाट त्या पायरीच्या निदान पाच-सात मीटर आत हवी. पाणी झपाट्याने सोडलं की काठाच्या मातीत मुरलेलं पाणी तितक्या लवकर निथळत नाही. बाहेरून पाण्याचा टेकू गेलेला आणि आतून माती भिजून जड झालेली, अशा वेळी काठ सुटतो. कडेला समांतर भेग दिसली तर ती तुकडा सुटण्याची पूर्वसूचना समजावी. अशा जागा नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवतोय.

खालच्या रेघेची खरी अडचण ओढ्यांच्या तोंडाशी. ओढा संथ पाण्यात शिरला की आधी गोटे आणि वाळू टाकतो, बारीक गाळ पुढे नेऊन बसवतो. म्हणजे मुखाशी, पाण्याजवळ, जिथून पलीकडे जाणं सगळ्यात जवळचं दिसतं, तीच जागा सगळ्यात वाईट. वर सुकून तडकलेली खपली, खाली खीर. काठी टेकवून बघायची : टोक बोटभर रुतून टणक लागलं तर जमीन वजन घेते. वीतभर सरळ आत गेलं, वर ओढताना चोखल्यासारखा आवाज आला आणि भोकात पाणी साचलं, तर मागे फिरायचं आणि पायाखाली गोटे लागेपर्यंत ओढ्याच्या कडेने वर जाऊन ओलांडायचं. त्याने प्रत्येक ओढ्यामागे दोन-चारशे मीटर वाढतात. वाढू द्यावेत. पाय अडकलाच तर उपसायला जाऊ नका, पायाखाली पोकळी होते आणि ती पाय धरून ठेवते. सॅक उतरवून मागे टेकायचं आणि पाय हलवत हलवत त्याच्याभोवती पाणी शिरू द्यायचं.

पातळी उतरल्यावर बुडालेला जुना रस्ता वर येतो. गाळातून जाणारी ती कडक पट्टी मोहात पाडते, पण तिच्या मोऱ्या बहुधा वाहून गेलेल्या असतात आणि वरून गाळाने झाकलेल्या. रस्त्याच्या मधोमध, काठीने चाचपत जावं.

फाइल हलकी करतानाचा एक धोका इथेच सांगून ठेवतो. डग्लस-प्यूकर या रेघ सोपी करायच्या पद्धतीने बिंदू कमी करताना सहनसीमा, म्हणजे नवी रेघ मूळ रेघेपासून किती सरकलेली चालेल तो आकडा, ५ मीटरच्या वर नेऊ नका. २० मीटर ठेवली की फुगवट्याच्या अरुंद फाट्यांची टोकं छाटली जातात आणि रेघ सरळ पाण्यावरून जाते. संगणकावर ते चटकन लक्षात येत नाही. फोनवर बाण बघत चालणाऱ्याच्या मात्र ते पायाखाली येतं.

वेळेचा अंदाज नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ च्या नियमाने काढला : ५ किलोमीटरला एक तास, ६०० मीटर चढाला आणखी एक. १४ किलोमीटरचे २ तास ४८ मिनिटं, ६२० मीटरचे १ तास २ मिनिटं, एकूण ३ तास ५० मिनिटं. यात विसावा नाही, वाट शोधणं नाही. या नियमाला उतारासाठी लँगम्यूरने सुचवलेली दुरुस्ती अशी : ५ ते १२ अंशांच्या उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा, त्याहून तीव्र असेल तर १० मिनिटं अधिक. खिंडीपलीकडचा घसारा दुसऱ्या प्रकारात मोडतो. पत्रकावर साडेपाच तास लिहिणार आहोत, खालच्या हंगामी वाटेने साडेसहा.

राहिलंय ते सांडव्याखालचं पात्र ओलांडणं. दरवाजे उघडले की कोरडं पात्र बघता बघता भरतं, तेव्हा तिथून वाट दाखवायचीच नाही असं ठरलंय. पर्याय दोन : भिंतीवरून जायची परवानगी, नाहीतर खालच्या पुलापर्यंत वळसा. वळशाने अंतर २.३ किलोमीटरने वाढतं. परवानगीचं कळेपर्यंत नकाशात वळसाच राहील.