बाबांची शंभर पावलं

बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला आज सहा आठवडे झाले. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं होतं, "काका, घरी किती चालता?" बाबा म्हणाले, "भरपूर चालतो जी." मला खरं वाटलं नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पण माणूस दिवसभरात खाटेवरून किती वेळा उठला ते त्यात कुठे दिसतं? म्हणून पावलं मोजणारं माझं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं. रात्री आकडा बघितला, अगदीच थोडा. मी चिडले त्यांच्यावर. ते काहीच बोलले नाहीत.

आज फिजिओथेरपीवाल्या ताई आल्या आणि म्हणाल्या, अगं, वॉकर धरलेला हात हलतो कुठे! घड्याळातला अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, हाताच्या हेलकाव्यावरून पाऊल ओळखतो. त्यात चाल हळू असली की आणखीच चुकतो. घोट्याला बांधून बघ.

मग संध्याकाळी बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत आम्ही दोघं मोजत चाललो. मनगटावर बांधून शंभर पावलं: घड्याळात 14. बाबा जरा बसले, पाणी प्यायले. मग घोट्यावर बांधून पुन्हा शंभर: 83.

म्हणजे बाबा खरंच चालत होते. दुखत असताना, मी ऑफिसात असताना, एकटे. मी त्यांचे हात धरून माफी मागितली.

आता पट्टा घोट्यावरच राहील, आणि रोजचा आकडा वहीत लिहून पुढच्या तपासणीला नेणार आहे. बाबा विचारत होते, फुटाळा तलावाला एक चक्कर मारायला किती पावलं लागत असतील?