तीर्थनच्या खोऱ्यातला ट्रेक ठरवताना: आधी मुक्काम, मग बाकी सगळं

तर यावेळी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क एकदाचं नक्की झालंय. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातलं हे पार्क, 754 चौरस किलोमीटरचं, 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि तरीही मनालीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या वाटेतल्या औट गावावरून सरळ पुढे निघून जातात, डावी-उजवीकडे काय आहे ते कुणाला माहीतही नसतं. तीर्थन, सैंज, जिवा नाला आणि पार्वती अशा चार खोऱ्यांचं पाणी इथून निघून शेवटी ब्यासला मिळतं. दोन हजार मीटरच्याही खालून सुरू होऊन सहा हजारांच्या वर जाणारा एवढा सगळा मुलूख, आणि आत गाडीरस्ता नाही. जे बघायचं ते चालत जाऊन. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आता प्लॅनिंग. आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो दादाचा, की "एवढ्या लांब जायचं तर एखादा पास (डोंगरावरची खिंड) तरी पार करूया ना, सैंजमधून चढून तीर्थनमध्ये उतरूया." ते करता येतं, त्या वाटेवरचा धेल थाच (थाच म्हणजे तिकडे डोंगरावरचं कुरण) साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे आणि फोटो बघितले तर कुणालाही जावंसं वाटेल. पण मी त्याला म्हटलं, दादा, आधी आपण कुठे झोपणार ते ठरवू, मग कुठे पोचणार ते बघू. माझं हे मत आता अगदी पक्कं आहे. डोंगरातल्या चार-पाच दिवसांच्या ट्रेकचा प्लॅन हा शिखराचं नाव धरून करूच नये, मुक्कामाची उंची धरून करावा, कारण रात्री किती उंचीवर झोपताय त्यावर दुसऱ्या दिवशी पाय कसे चालतील, डोकं दुखेल का, जेवण जाईल का, थंडी किती लागेल हे सगळं ठरतं, आणि सॅकमध्ये काय भरायचं तेसुद्धा.

किलोमीटर बघून तर अजिबात ठरवू नका. मैदानात सहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही पण तेच सहा किलोमीटर हजार मीटर चढणारे असतील तर तो अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम होतो. यासाठी एक जुना हिशोब आहे, विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला वर एक तास जास्तीचा. आमच्या वाटेवरचा मोठा चढ म्हणजे रोल्ला ते शिल्ट, या आमच्या मुक्कामाच्या दोन जागा. रोल्ला साधारण 2100 मीटरवर, शिल्ट 3100 च्या आसपास. सहा किलोमीटर धरले तर चालण्याचा सव्वा तास आणि चढाचा पावणेदोन तास, म्हणजे तीन तास झाले. पण हा हिशोब चांगला दम असलेल्या, हलकं सामान घेतलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. पाठीवर सॅक, हवा विरळ होत चाललेली, मध्ये पाणी, मध्ये फोटो, मध्ये कुणाची तरी बुटाची लेस, त्यामुळे मी तो सरळ दुप्पट करते. सहा तास. म्हणजे सकाळी सातला निघालो तर एक-दीडपर्यंत वर, आणि डोंगरात दुपारनंतर ढग भरून येतात त्याच्या आत तंबू लागलेला. हे एवढं कागदावर मांडून दाखवल्यावर दादा पासचं बोलायचा थांबला आणि स्वतःच म्हणाला की मग शिल्टला दोन रात्री राहू.

उंचीचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो पण प्लॅनमध्ये कुणी उतरवत नाही. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन झोपलात तर उलट चांगलंच. आमचा बेत नेमका यावरच बसवलाय.

पहिला मुक्काम गुशैनीत, तीर्थनच्या काठी, साधारण दीड-पावणेदोन हजार मीटरवर. रात्रभराच्या बसप्रवासाने अंग आंबलेलं असतं त्यामुळे त्या दिवशी चालायचं नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी गुशैनी ते रोल्ला. नदीच्या कडेकडेने वाट जाते, आधी गावं, शेतं, सफरचंदाच्या बागा, मग पार्कचं गेट आणि तिथून थोडं पुढे कॅम्पची जागा. ही चाल सोपी आहे आणि मुद्दाम सोपी ठेवलीय. सगळ्यांचे बूट, सॅकचे पट्टे, कुणाच्या खांद्याला काय टोचतंय हे इथे कळतं आणि तिथल्या तिथे नीट करता येतं. माझी भाची पहिल्यांदाच येतेय, तिला मी सांगून ठेवलंय की या दिवशी टाचेला जरा जरी चुरचुरलं तरी लगेच थांबायचं आणि टेप लावायचा, फोड यायची वाट बघायची नाही. तिसऱ्या दिवशी शिल्टचा चढ. चौथ्या दिवशी फक्त पाण्याची बाटली, खाऊ आणि रेनकोट घेऊन वर राखुंडीकडे जाऊन यायचं, साडेतीन हजारांच्या वरपर्यंत, आणि झोपायला परत शिल्टला. पाचव्या दिवशी खाली. नंतरचा एक दिवस पूर्ण रिकामा. हा रिकामा दिवस मी कुणालाही खाऊ देणार नाहीये, पाऊस आला, वाट बंद झाली, कुणाचा गुडघा बोलायला लागला तर त्याच्यासाठी तो आहे, आणि काहीच झालं नाही तर नदीकाठी बसून राहू, त्यातही काही वाईट नाही.

सीझन कुठला यावर बराच खल झाला. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आकाश धुतल्यासारखं असतं, लांबच्या बर्फाच्या रांगा बघायच्या तर तेव्हाच जावं. पण मला मे महिना हवा होता आणि त्याचं कारण एकच, जुजुराणा. वेस्टर्न ट्रॅगोपॅन. हिमाचलचा राज्यपक्षी, जगातल्या अत्यंत दुर्मिळ फेझंटपैकी (रानकोंबड्यांच्या कुळातले पक्षी) एक, आणि या पार्कात तो अजून बऱ्यापैकी टिकून आहे. मोनाल, कोकलास, चीर, कालिज आणि हा, असे पाच फेझंट एकाच पार्कात आहेत, विचार करा! जुजुराणा अडीच-तीन हजार मीटरच्या वरच्या दाट जंगलात राहतो, खाली रिंगाळ बांबूची गच्च झाडी, वर तोष (फर) आणि खर्सूची (ओक) झाडं. विणीच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, नर उजाडायच्या सुमारास ओरडतो. दिसणं फारच नशिबाची गोष्ट, पण आवाज ऐकू येऊ शकतो, आणि तो ऐकायचा तर उजाडताना तुम्ही त्या उंचीवर असायला हवं, खालून चढून जाऊन ते जमत नाही. म्हणूनच शिल्टला दोन रात्री. परत मुद्दा तोच, मुक्काम कुठे!

एप्रिलमध्ये मात्र तीन हजारांच्या वर बर्फ शिल्लक असू शकतो म्हणून मे. आणि जुलै-ऑगस्टचं नावच काढू नका. जुलै 2023 च्या पुरात सैंजच्या बाजाराचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. या अरुंद खोऱ्यांमध्ये वर कुठेतरी ढगफुटी झाली की खाली नदीकाठी तंबू लावलेल्यांच्या हातात फार थोडा वेळ असतो. तंबू मे महिन्यातही नदीच्या अगदी पात्राला लागून लावायचा नाही, कितीही सुंदर जागा असली तरी.

परमिटचं बघा. पार्कात शिरायला परवानगी लागते. तीर्थनच्या बाजूने जाणाऱ्यांना साईरोपाचं ऑफिस सोयीचं, बंजारहून गुशैनीला जातानाच लागतं, पार्कचं मुख्य ऑफिस शमशीला आहे. ओळखपत्राच्या झेरॉक्स, सगळ्यांची नावं, वाट कुठली आणि दिवस किती हे तयार ठेवायचं. फी आणि नियम बदलत राहतात त्यामुळे निघायच्या आधी ऑफिसलाच फोन करून विचारा, तीन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी व्हिडिओवर विसंबू नका. ऑफिस सुट्टीच्या दिवशी बंद सापडायला नको म्हणून आम्ही गुशैनीला पोचायचा दिवस कामाचा वार बघूनच ठरवलाय.

गाईड आणि पोर्टर तिथल्याच गावांतले घ्यायचे, यावर माझ्याकडून चर्चा नाही. यामागे नुसती वाट चुकायची भीती नाहीये. 1984 मध्ये हे पार्क करायचं ठरलं आणि 1999 मध्ये ते पक्कं जाहीर झालं, तेव्हा आजूबाजूच्या गावांचे आतल्या जंगलावरचे जुने हक्क संपले. पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन ज्या थाचांवर जायचे ती कुरणं, गुच्छी (रानातली महागडी अळंबी) आणि औषधी मुळ्या गोळा करायच्या जागा, सगळं एका कायद्याने बंद झालं. ज्यांचे हक्क कागदावर होते त्यांना काही भरपाई मिळाली, पण ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं आणि पोट मात्र त्याच जंगलावर होतं, त्यांचं काय? नंतर बायकांचे बचतगट झाले, गांडूळखत, जर्दाळूचं तेल असं काय काय सुरू झालं, आणि बरेच पुरुष गाईड, पोर्टर, स्वयंपाकी म्हणून ट्रेकर्सबरोबर जायला लागले. ज्या माणसाला थाचाची प्रत्येक वाट, प्रत्येक पाणवठा लहानपणापासून पाठ आहे तोच आज आपल्याला आत नेतो. आपण ज्या निर्मनुष्य जंगलाचं कौतुक करायला जातो ते निर्मनुष्य राहावं म्हणून त्यांनी काय सोडलंय हे माहीत असलं की पैशाची घासाघीस करावीशी वाटत नाही. बाहेरून सगळी टीम घेऊन जाणाऱ्या पॅकेजपेक्षा मला हे शंभर पटीने बरोबर वाटतं. आणि पोर्टरच्या पाठीवर किती वजन आहे, त्याला झोपायला तंबू आणि स्लीपिंग बॅग आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

सॅकबद्दल थोडक्यात. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गुशैनीत संध्याकाळी 18 असेल तर शिल्टला 8-9, आणि पहाटे त्याच्याही खाली. त्यामुळे एक जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा थर घ्या: आत घाम सुकवणारा टीशर्ट, वर फ्लीस, त्यावर हलकं डाऊन (पिसं भरलेलं जॅकेट), सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. जीन्स नको, भिजली की सुकत नाही. झोपायचे मोजे वेगळे आणि ते पिशवीत बंद, दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचे नाहीत, कोरड्या मोज्यांसारखं सुख तिथे दुसरं नाही. बूट नवीन घेणार असाल तर महिनाभर आधी घ्या आणि रोज घालून फिरा.

जेवणात एक गोष्ट लक्षात घ्यायची. 3100 मीटरवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा प्रेशर कुकर नेणारा स्वयंपाकी असेल तर उत्तम, नाहीतर मसूर-मूग, पोहे, उपमा, पटकन होणारं काहीतरी. भूक कमी लागते पण खायलाच हवं. स्वयंपाक स्टोव्हवरच करायचा, पार्कातलं लाकूड तोडून शेकोटी करायची नाही. कचरा सगळा परत आणायचा, बिस्किटाच्या पुड्याचा फाडलेला कोपरासुद्धा, आणि ओल्या टिश्शूसुद्धा, त्यांच्यासाठी मी प्रत्येकाला एक जाड झिपची पिशवी देणार आहे. टॉयलेटसाठी पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब जाऊन वीतभर खड्डा. लाजायचं काही नाही, हे आधीच सगळ्यांसमोर बोलून घेतलेलं बरं.

जाण्याचं सोपं आहे, दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची रात्रीची बस, औटला उतरायचं, कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा कारण औट पहाटे येतं आणि सगळे झोपलेले असतात. तिथून लारजी, बंजार, गुशैनी. आत मोबाईलचा भरवसा धरू नका, म्हणून वाटेचा नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवायचा आणि घरच्यांकडे तारखा, मुक्काम आणि गाईडचा नंबर लिहून द्यायचा, शिवाय "अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर या ऑफिसला फोन करा" हेही.

आता उरलंय ते तारखा पक्क्या करणं. भाचीची परीक्षा संपायची तारीख अजून लागलेली नाही. ती लागली की त्याच दिवशी गाईडला फोन, मग बस, मग बाकीचं. तोपर्यंत रोज संध्याकाळी सगळ्यांनी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून जिने चढायचे, दादानेसुद्धा.