हाप्सालु: चिखलावर जगलेलं गाव

एस्टोनियाची राजधानी टालिन, तिथून नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटरवर, एका उथळ खाडीत घुसलेल्या भूशिरावर हाप्सालु वसलंय. वस्ती दहा हजाराच्या आसपास. इथली जमीन अजून वर येतेय: हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून, दर वर्षी दोन-तीन मिलिमीटर. हे फुटकळ वाटतं, पण 1279 मध्ये गावाला नगराचे हक्क मिळाले तेव्हापासूनचा ढोबळ हिशेब दीड मीटरच्या वर जातो. आधीच उथळ असलेल्या खाडीला एवढं पुरे. मोठी जहाजं इथे येणं शक्यच नव्हतं. हिउमा बेटाची फेरीसुद्धा गावातून सुटत नाही. ती पश्चिमेला नऊएक किलोमीटरवरच्या रोहुकुलाहून सुटते. नवखे प्रवासी नेमके इथेच चुकतात, तेव्हा तिकीट काढताना बंदराचं नाव वाचा.

गाव आधी बिशपचं होतं. 1581 मध्ये स्वीडिश आले, मग अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘उत्तरेच्या महायुद्धा’त रशियन. किल्ला पडका झाला, पण त्यातलं एकाच दालनाचं कॅथेड्रल टिकलं. ऑगस्टच्या पौर्णिमेला त्याच्या खिडकीत ‘पांढरी बाई’ दिसते म्हणतात. आभाळ भरलेलं असेल तर अर्थातच काही दिसत नाही.

गावाला खरं तारलं ते खाडीच्या तळाच्या काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या गाळाने. संथ, उथळ पाण्यात सेंद्रिय कचरा प्राणवायूविना कुजतो, त्यातून सल्फाइडं, म्हणजे गंधकाची संयुगं, तयार होतात. रंग आणि वास दोन्ही त्यांचेच. स्थानिक लोक दुखऱ्या सांध्यांना हा चिखल फासायचे, ते लष्करी डॉक्टर कार्ल आब्राहाम हुनिउसने हेरलं आणि 1825 मध्ये चिखलस्नानगृह काढलं. मग सेंट पीटर्सबर्गचे धनिक उन्हाळा काढायला येऊ लागले. 1867 मध्ये रशियन संगीतकार चायकोव्हस्कीही येऊन गेला. पुढे रशियन राजघराण्यातल्यांवर पाऊस पडू नये म्हणून स्टेशनला 216 मीटर लांबीचा छताखालचा फलाट बांधला. आता तिथे रेल्वे संग्रहालय आहे. प्रवासी गाड्या 1995 मध्येच बंद झाल्या. टालिनहून बसच घ्यावी लागते.

याच पाहुण्यांमुळे हाप्सालुची शाल नावारूपाला आली. बारीक लोकरीची, अंगठीतून आरपार जाणारी. मधला भाग आणि काठ वेगवेगळे विणून मग जोडतात, कारण एकसलग विणली तर सुरुवातीची कड आवळते आणि शाल ताणताना तिथेच ओढ बसते. तिची ओळख म्हणजे ‘नुप’, विणीतली फुगीर गाठ. एकाच टाक्यातून पाच, सात किंवा नऊ टाके काढायचे आणि परतीच्या ओळीत ते सगळे एकत्र उलटे विणायचे. नवशिक्यांची फजिती होते ती परतीच्या ओळीत. टाके घट्ट काढलेले असले की सुईचं टोक सगळ्यांत एकदम शिरतच नाही, आणि जोर लावला तर धागा तुटतो. म्हणून टाके काढतानाच ते वाजवीपेक्षा सैल, जवळजवळ लोंबते ठेवायचे.