आमची वाटचाल : मॅनिटोबातल्या रानपिओनी

कॅनडातल्या विनिपेगजवळ पिओनीची, म्हणजे मोठ्या फुलांच्या, गड्ड्यातून दरवर्षी उगवणाऱ्या झाडाची नर्सरी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: उणे ३५ अंशांत जगतं का काही? सैबेरिया, मंगोलियातल्या अनोमला या रानपिओनीला ती थंडी घरचीच. आमच्याकडची रोपं मरतात ती वितळलेल्या बर्फाचं पाणी चिकणमातीत तुंबून. म्हणून आता सगळी लागवड ३० सेंटिमीटर उंच गादीवाफ्यांवर, मातीत एक तृतीयांश बारीक खडी मिसळून.

आधी आम्ही संकरित जातींचे तयार गड्डे आणून विकायचो. बियांपासून रानजाती वाढवायच्या ठरल्या आणि धंद्याचं वेळापत्रकच बदललं. पिओनीच्या बीला आधी ऊब लागते, मग थंडी. उबेत मूळ फुटतं. त्या मुळाला थंडी मिळाली तरच कोंब वर येतो. इथं बी तयार होतं ऑगस्टमध्ये, आणि माती गार पडायला सप्टेंबर पुरतो. त्यामुळे बाहेर पेरलेलं बी बहुतेक पुढचा अख्खा उन्हाळा मूळ काढण्यात घालवतं आणि पान त्यानंतरच्या, म्हणजे दुसऱ्या वसंतात दाखवतं.

ही वाट घरात आखूड होते. शेंग उकलू लागली की बी लगेच काढायचं. सुकू दिलं तर ते जास्तच हट्टी होतं. ओबोवाटा जातीच्या शेंगेतले लाल दाणे दिसायला झकास, पण वांझ; निळे-काळे तेवढे घ्यायचे. ओलसर व्हर्मिक्युलाइटसोबत (ओल धरणारं हलकं खनिज) झिपच्या पिशवीत, २० अंशांवर. ओल किती? मूठभर दाबलं तर थेंब गळता कामा नये, नाहीतर मुळाचं टोक काळं पडतं. दोन-तीन महिन्यांत मूळ ३ सेंटिमीटर झालं की पिशवी फ्रिजमध्ये, ४ अंशांवर, १० ते १२ आठवडे. मूळ न फुटलेलं बी आत ढकलून उपयोग नाही. पहिल्या वर्षी जेमतेम एक पान, फूल चार-पाच वर्षांनी. कुंड्या हिवाळ्यात उघड्यावर ठेवायच्या नाहीत, काठापर्यंत जमिनीत पुरायच्या.

तक्रारी सगळ्यात जास्त टेन्यूइफोलिया या पिओनीच्या. ही गवताळ माळावरची, बडीशेपेसारख्या पानांची जात फुलून गेली की भर उन्हाळ्यात पिवळी पडून जमिनीत गडप होते. माणसं घाबरून पाणी ओततात आणि झोपलेला गड्डा कुजतो. जागेवर खुंटी ठोका आणि हात आवरा.

भारतातल्या हिमालयातली एमोडी ही पिओनी मिळेल का, असं मराठी मंडळी हटकून विचारतात. तिचे कोंब लवकर वर येतात आणि इथल्या मे महिन्यातल्या दहिवरात करपतात. आम्ही ती ठेवत नाही.

गड्डे फक्त सप्टेंबरमध्ये देतो, तीन ते पाच डोळ्यांचे (डोळा म्हणजे गड्ड्यावरची कोंबाची कळी). डोळ्यांवर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त माती चढली तर पानंच मिळतील. पहिल्या हिवाळ्यात वरून पेंढा हवाच, कारण गोठण्या-वितळण्यात नवा गड्डा उचलला जातो.

शुद्धतेचं म्हणाल, तर एका मळ्यात चार जाती आल्या की मधमाशा सरमिसळ करणारच. म्हणून कळी उमलायच्या आत जाळीची पिशवी बांधून परागीकरण हाताने करतो. पिशवीबाहेरचं बी ‘खुलं परागीकरण’ अशी चिठ्ठी लावून निम्म्या भावात.