ग्लॅडिएटर १/७२, नोंद ४ : तारा ओवताना

ग्लॅडिएटर या जुन्या ब्रिटिश दुपंखी लढाऊ विमानाचं १/७२ आकाराचं मॉडेल जोडतोय. दोन आठवड्यांत प्रगती एवढीच : वरचा पंख बसला आणि पंखांमधल्या निम्म्या तारा ओवून झाल्या. ०.३ मिमीच्या ड्रिलने भोकं पाडताना एक पंखातून थेट आरपार गेलं. मग पुट्टी, पॉलिशपेपर, पुन्हा रंग. त्यात ही पावसाळी हवा, रंग दोन दिवस बोटाला चिकटत होता.

तरी नशीब माझं. आधीच्या गॉन्टलेट विमानावरून हे विमान बेतताना त्याचा रचनाकार फॉलंड याने हवेचा अडथळा कमी करायला दोन्ही बाजूंच्या, पंखांमधल्या दांड्यांची एकेक जोडी काढून टाकली, त्यामुळे ताराही घटल्या. खऱ्या तारा गोल नसून चपट्या असतात. म्हणून नायलॉनऐवजी लायक्राचा (ताणला जाणारा) धागा घेतलाय.

बाकी, १९३७ च्या फेब्रुवारीत ग्लॅडिएटर स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं तेव्हा हरिकेन या एकपंखी लढाऊ विमानाचं पहिलं उड्डाण होऊन सव्वा वर्ष लोटलं होतं. बंद कॉकपिट, चार ब्राउनिंग मशीनगन, ताशी चारशेच्या घरात किलोमीटर, पण दुपंखीच.

मी करतोय ते माल्टा बेटावरचं सी ग्लॅडिएटर, म्हणजे नौदलासाठीची आवृत्ती, क्रमांक एन ५५२०. ‘ग्लोरियस’ ही विमानवाहू नौका नॉर्वेकडे निघाली तेव्हा तिची राखीव विमानं खोक्यांत भरलेली माल्टातच राहिली होती. ८ जून १९४० ला नौका बुडाली, नॉर्वेहून परत आणलेली ग्लॅडिएटर्सही तिच्याबरोबर गेली. तीनच दिवसांनी माल्टावर इटलीचे बॉम्ब पडले, आणि सामना करायला वर गेली ती खोक्यांतून काढून जोडलेली विमानं. खरंतर हेही किटच!

‘फेथ, होप, चॅरिटी’ ही माल्टाच्या तीन ग्लॅडिएटर्सची म्हणून गाजलेली नावं मी नाकावर लिहिणार नाही. ती नंतर चिकटली, आणि विमानं तीनच होती हेही खरं नाही. प्रोपेलरचा घोळ मात्र सुटेना. तिथल्या मेकॅनिकांनी नंतर ब्लेनहाइम बॉम्बरचं मर्क्युरी इंजिन, त्याच्या प्रोपेलरसह, या विमानावर चढवलं होतं. म्हणजे महिना कोणता धरायचा, त्यावर नाकाचा तपशील ठरणार. तूर्तास जून १९४०, मूळ इंजिन.

कॉकपिटची काच सगळ्यात शेवटी, तीही फेव्हिकॉलने. मागच्या मॉडेलला सुपरग्लूच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं धरलं होतं.

जाता जाता : याच एन ५५२० चा सांगाडा माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटात, सेंट एल्मो किल्ल्यातल्या संग्रहालयात ठेवलाय, पंखांशिवाय. काल रात्री अकराव्या तारेला तो फार आठवला.