तार्नाव्स्कीची बाजू का घेता, असं विचारलंत म्हणून

युक्रेनच्या स्वातंत्र्यलढ्याचा विषय निघाला की लोक तेव्हाच्या युक्रेनियन प्रजासत्ताकाचा नेता पेत्ल्युरा याच्याबद्दल बोलतात, मी गॅलिशियन सैन्याचा सेनापती मिरोन तार्नाव्स्की याच्याबद्दल. मग ठरलेला प्रश्न येतो: डॉक्टर, शत्रूशी तह करणाऱ्या सेनापतीचं एवढं काय? एकदा नीट सांगतो.

युक्रेनमधल्या विनित्सियात शिकत होतो तेव्हा मीही त्याला फितूरच म्हणायचो. तसं घरमालकीण आजींसमोर बोलून गेलो. त्या इस्त्री करत होत्या. कपड्यांच्या शिवणीवर इस्त्री दाबून धरायची त्यांची सवय आईकडून आलेली, कारण उवा शिवणीत लपतात. इस्त्री बाजूला ठेवून एवढंच म्हणाल्या, "तू डॉक्टर होणार आहेस ना?" दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

१९१९चा नोव्हेंबर. पश्चिमेला पोलंड, उत्तरेला बोल्शेविक, समोर डेनिकिन, म्हणजे बोल्शेविकांविरुद्ध लढणारा, अखंड रशिया हवा असलेला रशियन सेनापती. जुलैत झ्ब्रुच नदी ओलांडून आलेलं गॅलिशियन सैन्य, म्हणजे पश्चिम युक्रेनमधल्या गॅलिशिया प्रांताचं सैन्य, टायफसनं झोपलेलं. टायफॉइड नव्हे, टायफस. थंडीत माणसं उबेसाठी एकमेकांना बिलगून झोपायची आणि उवा या अंगावरून त्या अंगावर जायच्या. ताप, पुरळ, बरळणं. दोस्तराष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे औषधं पोचत नव्हती. त्याच्याच जातकुळीतल्या स्क्रब टायफसला मी आज डॉक्सिसायक्लिन देतो आणि रुग्ण चालत घरी जातो. तेव्हा हा रोग बरा करणारं असं औषधच नव्हतं. निदान अंथरूण, साबण, गरम पाणी तरी मिळायला हवं होतं. ६ नोव्हेंबरला झ्यात्किव्त्सी इथं तार्नाव्स्कीच्या माणसांनी डेनिकिनच्या सैन्याशी करार केला. पेत्ल्युराला न विचारता. तार्नाव्स्कीला पदावरून काढलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं.

मान्य, डेनिकिन युक्रेनला वेगळा देश मानतच नव्हता. मान्य, यामुळे पेत्ल्युराची आघाडी उघडी पडली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला पोलंड गाठावा लागला. पण त्याच पेत्ल्युरानं एप्रिल १९२०मध्ये वॉर्सात पोलंडशी करार करून गॅलिशियावर पाणी सोडलं. मग फितूर कोण? असं विचारून मीही सुटत नाही, कारण एकाच्या सहीनं दुसऱ्याची सही धुतली जात नाही.

आणि ज्या आजाऱ्यांसाठी तार्नाव्स्कीनं हे केलं, त्यांचं तरी काय झालं? डेनिकिनचं सैन्य त्याच हिवाळ्यात कोसळलं. १९२०च्या सुरुवातीला उरलेले गॅलिशियन बोल्शेविकांकडे गेले, कित्येक अजून तापातच. आजींच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.